कोणी कुणासाठी थांबायचं?

प्रकाश फारच मंद असला की भौतिकशास्त्रज्ञ त्यातले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून मोजतात. फोटोमल्टिप्लायर नळीत पकडलेल्या फोटॉनमागे विजेचा एकेक बारीक स्पंद बाहेर पडतो आणि प्रयोगशाळेतच सोल्डर करून बनवलेलं एखादं सर्किट ते स्पंद मोजत राहतं. समजा, या मोजणाऱ्या सर्किटमध्ये, म्हणजे काउंटरमध्ये, 16 बिट आहेत. म्हणजे 65,535 नंतर तो पुन्हा शून्यावर येणार. सेकंदाला एक लाख स्पंद येत असतील, तर पाऊण सेकंद व्हायच्या आतच तो भरतो. तेवढ्यात कुणीतरी आकडा उचलायला हवा.

1980च्या दशकात विद्यापीठांतल्या अनेक प्रयोगशाळांत हे काम युनिक्स या कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणाऱ्या वर्कस्टेशनकडे, म्हणजे टेबलावरच्या ताकदवान संगणकाकडे, असायचं. युनिक्सचा जन्म 1969 सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. एका यंत्रावर अनेकांनी काम करावं आणि प्रत्येकाला आपला वाटा मिळावा, या विचाराने ती प्रणाली घडली. अनेक वर्कस्टेशनांवर तिच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला 100 पडत. एक प्रोग्राम डिस्कची वाट पाहतो, दुसरा छपाईत गुंततो, तुमची पाळीही येतेच. पण नेमकी कधी, याचा शब्द मिळत नाही. डिटेक्टरला तर थांबणंच ठाऊक नाही. स्वतः बनवलेलं हार्डवेअर युनिक्सला जोडताना खरा कस लागतो तो इथे.

जोडण्याचा रस्ता म्हणजे बस: संगणकाचे भाग आणि उपकरणं यांच्यात माहिती नेणाऱ्या सामायिक तारा. हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऑम्निबस’वरून आला, अर्थ ‘सर्वांसाठी’. रस्त्यावरची बस आणि संगणकातली बस, दोन्ही त्याच कुळातल्या. 1970मध्ये आलेल्या पीडीपी-11 या संगणकाच्या युनिबसवर मेमरी आणि उपकरणं शेजारी शेजारी राहत, एकाच पत्त्यांच्या यादीत. पत्र टाकण्याची पद्धत तीच. एका पत्त्यावर ते कपाटात जपून ठेवलं जातं, दुसऱ्या पत्त्यावर ते मिळताच मोटार फिरू लागते. डीआर-11-सी नावाचं कार्ड घेतलं की आत येणाऱ्या 16 आणि बाहेर जाणाऱ्या 16 तारा हाती येत. त्यापुढे तुमचं सर्किट.

युनिक्सने यावर एक फार उदार कल्पना बसवली. उपकरण म्हणजे एक फाइल. ती उघडा, वाचा, तिच्यात लिहा, बंद करा. ज्या विद्यार्थ्याला फाइल वाचता येते, त्याला डिटेक्टरही वाचता येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. मधली सगळी झटापट ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम अंगावर घेतो. तो प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये राहतो, म्हणून त्यातली एक चूक सगळं यंत्र आडवं करू शकते. जुन्या युनिक्समध्ये तर ड्रायव्हरमधल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर कर्नल पुन्हा बांधून संगणक नव्याने सुरू करावा लागे.

थांबण्याच्या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर मात्र ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी दिलं. त्यांची बस 1975मध्ये आयईईई-488 या नावाने मानक झाली. प्रयोगशाळांत तिला जीपीआयबी म्हणतात. माहितीच्या आठ तारा, व्यवस्थेच्या पाच, आणि तीन तारा केवळ एकमेकांची वाट पाहण्यासाठी. बोलणारं उपकरण एका तारेवर सांगतं, ‘माहिती मांडली आहे.’ ऐकणाऱ्यांकडे दोन तारा: ‘मी अजून तयार नाही’ आणि ‘मी अजून घेतलेलं नाही’. या दोहोंपैकी कोणतीही तार कुणाही एकाने खाली ओढून धरली, तर ती खालीच राहते. शेवटच्याने सोडली की मगच वर येते. आपल्या पंगतीसारखंच हे: सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत कुणी पाटावरून उठत नाही. या बसमध्ये घड्याळाची तारच नाही. वेगवान व्होल्टमीटर आणि कागदावर आलेख काढणारा संथ प्लॉटर एकत्र ऐकत असतील, तर प्रत्येक बाइट प्लॉटरच्या चालीने जातो आणि एकही सांडत नाही. संगणक धरून 15 उपकरणं, एकूण 20 मीटर केबल, वेग जास्तीत जास्त सेकंदाला 1 मेगाबाइट.

पंगतीचा हा नियम व्होल्टमीटरला मानवतो. फोटॉनला तो लागू करता येत नाही. अणुभौतिकीतल्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांच्यासाठी 1969मध्ये युरोपात कॅमॅक हे मानक तयार झालं: एका क्रेटमध्ये, म्हणजे कार्डं बसवायच्या पेटीत, 25 खाने, 24 बिटांचं वाचन, एका व्यवहाराला एक मायक्रोसेकंद. पुढे 1981मध्ये व्हीएमई बस आली आणि कामाची वाटणी रूढ झाली. क्रेटमध्येच वेगळा प्रोसेसर बसवायचा, त्यावर वेळेची हमी देणारी प्रणाली चालवायची, आणि गोळा झालेले माहितीचे गठ्ठे इथरनेट या जाळ्यावरून युनिक्सकडे पाठवायचे. आलेख, साठवण, विश्लेषण तिथे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात 1988पासून चालणाऱ्या, भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आणि टीआयएफआर यांच्या पेलेट्रॉन या कण-प्रवेगकावरही नंतर लिनक्स या युनिक्ससारख्याच कार्यप्रणालीवरच्या ‘लॅम्प्स’ या प्रणालीने कॅमॅकमधली मोजमापं टिपली.

आपल्या एकट्या काउंटरला एवढा फौजफाटा लागत नाही. 1989मध्ये आलेल्या सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन-1सारख्या वर्कस्टेशनमध्ये त्याच्या एसबस नावाच्या बसवर बसणारं एक छोटं कार्ड पुरतं. कार्डावर स्फटिकाचं घड्याळ ठेवायचं. ते दर 10 मिलिसेकंदांनी काउंटरमधला आकडा, साधारण 1,000, उचलून शेजारच्या रांगेत ठेवेल आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करेल. रांगेत जो आधी आला तो आधी बाहेर. 1,024 नोंदींची रांग म्हणजे दहा सेकंदांचा धीर. दोन नोंदींमधलं अंतर स्फटिकाने ठरवलेलं असतं, त्यामुळे युनिक्सने ती कधी वाचली याने मोजमापात फरक पडत नाही. रांग अर्धी भरली की कार्ड इंटरप्ट, म्हणजे ‘हातातलं काम थांबवून इकडे बघ’ असा इशारा, देतं. ड्रायव्हर जागा होतो, 512 नोंदी उचलतो आणि फाइल वाचायला बसलेल्या प्रोग्रामच्या हाती देतो. ड्रायव्हरला यायला उशीर झालाच, तर रांगेत अजून पाच सेकंदांची जागा असते.