रेड: कार्डावर की प्रोसेसरवर?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस असो की नवी पेठेतला लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ, डिस्क भरत आली की विचारणा ठरलेली: "मालक, रेडचं कार्ड टाकायचं, का सॉफ्टवेअरवरच भागवायचं?" (जकार्डच्या डिझाइनची फाइल तशी लहानच, जागा खातात ते सॅम्पलचे फोटो आणि सीसीटीव्ही.) रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारख्या वापरायच्या, तेही एखादी मेली तरी डेटा वाचेल अशा बेताने; हे काम वेगळं कार्ड करतं किंवा कॉम्प्युटरच्याच प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर. सांगणारा या धंद्यात मुरलेला असेल तर तो बहुतेक वेळा डोळे झाकून कार्डच सांगतो. हा सल्ला नव्वदच्या दशकातला आहे, आणि तेव्हा तो बरोबरच होता.

रेडचा जन्म काटकसरीतून झाला. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. आयबीएमच्या ३३८० या ७,५०० एमबीच्या अवाढव्य डिस्कऐवजी पीसीतल्या १०० एमबीच्या ७५ डिस्क जोडल्या तर? वेग वाढतो, खर्च घटतो. मेख अशी की अशी एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांच्या जथ्यात ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवडेही पुरे व्हायच्या आत, एखादी जाणारच. म्हणून जादा डिस्क आणि पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत काढता येईल असा जादा हिशेब.

पॅरिटीचा हिशेब पोरखेळ आहे. एका डिस्कवर १०११, दुसरीवर ०११०. अंक सारखे तिथे ०, वेगळे तिथे १. तिसरीवर ११०१ लिहायचं. दुसरी डिस्क मेली, तर पहिली आणि तिसरी यांच्यावर हीच क्रिया करायची, ०११० जसंच्या तसं परत.

पण हा हिशेब प्रत्येक वेळी लिहिताना करावा लागतो आणि त्या काळच्या प्रोसेसरला तो जड जायचा. १९९३ च्या विंडोज एनटीच्या सर्व्हर आवृत्तीत सॉफ्टवेअर रेड होतं, तरी ज्याला परवडे तो स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असलेलं कार्डच घेई. पुढे प्रोसेसर इतके वेगवान झाले की पॅरिटीचं ओझं त्यांना जाणवेनासं झालं. लिनक्समधल्या 'एमडी' या सॉफ्टवेअर रेडला हाताळणारं नील ब्राउन यांचं एमडीएडीएम २००१ मध्ये आलं आणि सॉफ्टवेअर रेड सांभाळणं सोपं झालं.

कार्डाकडे उरली ती बॅटरी, आणि ती क्षुल्लक नाही. डेटा लिहून झाला, पॅरिटी लिहायची राहिली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो. बॅटरीवाल्या कार्डाच्या मेमरीत अर्धवट राहिलेलं लिखाण टिकतं. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने (डिस्कवर फाइल मांडणारं आणि रेडही सांभाळणारं सॉफ्टवेअर) यावर वेगळा तोडगा काढला: जुन्या जागेवर लिहायचंच नाही, नवीन जागी पूर्ण लिहून झालं की मगच तिकडे बोट दाखवायचं. तरीही यूपीएस हवाच.

कार्डाचं खरं दुखणं ते मेल्यावर कळतं. डिस्क ठणठणीत, पण त्यांवरची मांडणी बहुधा त्या कंपनीच्या कार्डालाच वाचता येते. आठ-दहा वर्षांपूर्वीचं तेच कार्ड सोलापुरात कुठल्या दुकानात मिळणार? पुण्या-मुंबईला फोन लावत बसायचं. एमडीच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या की काम सुरू. मदरबोर्डवरचं बायोसमधलं 'रेड' तर बहुतेकदा ड्रायव्हरच्याच जिवावर चालतं. नाव हार्डवेअरचं, काम सॉफ्टवेअरचं. त्याच्या वाटेला जाऊ नये.

डिस्क वाढवण्याच्या बाबतीत मात्र झेडएफएस बरीच वर्षं मागे होतं. एमडीत चालू रेड-५ मध्ये (एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला देणारी मांडणी) नवी डिस्क घालता येत असे. झेडएफएसच्या रेड-झेड या तशाच पॅरिटीवाल्या मांडणीत ती सोय जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये आली. तिथेही जुन्या फाइल नव्याने लिहून घेतल्याशिवाय डेटा-पॅरिटीचं जुनंच प्रमाण धरून बसतात, त्यामुळे हिशेबाने जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी लगेच हाती लागत नाही.