पॉमेरेनियन इतका लहान कसा झाला

पॉमेरेनियन घरी आणला की पशुवैद्य काही गोष्टी हमखास बजावतात. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून ओढू नका, सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, दात घासा, उन्हाळ्यात केस भादरू नका. ऐकताना या सूचनांचा एकमेकींशी काही संबंध वाटत नाही, पण त्यांचं मूळ एकच आहे. थंड प्रदेशातला चांगला मध्यम चणीचा कुत्रा माणसाने थोड्याच पिढ्यांत मांडीवर मावेल इतका लहान केला.

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रदेश. आज त्याचा बराच भाग पोलंडमध्ये आणि उरलेला जर्मनीत येतो. टोकदार तोंड, ताठ कान आणि पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी असलेले स्पिट्झ कुळातले कुत्रे उत्तर युरोपात राखणीला असत. पॉमेरेनियन हा त्याच कुळातला. तिसऱ्या जॉर्जशी लग्न होऊन 1761 मध्ये इंग्लंडची राणी झालेल्या शार्लटचं माहेर जर्मनीतलं, मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झचं. तिने 1767 मध्ये फीबी आणि मर्क्युरी ही अशा कुत्र्यांची जोडी इंग्लंडमध्ये आणवली. त्या काळचे हे कुत्रे केवढे होते हे पाहायचं असेल तर गेन्सबरोने 1785 मध्ये रंगवलेलं हॅलेट दाम्पत्याचं चित्र बघावं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फिरायला निघालेल्या तरुण बाईच्या शेजारी मान वर करून बघणारा पांढरा कुत्रा तिच्या गुडघ्याच्याही वर पोचेल एवढा आहे. त्याला उचलून कडेवर घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

चित्र पालटलं ते शार्लटची नात राणी व्हिक्टोरिया हिच्यामुळे. 1888 मध्ये फ्लॉरेन्सला गेली असताना तिने मार्को नावाचा कुत्रा घेतला. त्याचं वजन 12 पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. तेव्हाच्या मानाने तो लहानच होता. 1891 मध्ये तिचे पॉमेरेनियन लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात उतरले, आणि राणीला आवडतो तोच आकार सगळ्यांना हवासा झाला. जानेवारी 1901 मध्ये तिने प्राण सोडला तेव्हा तुरी हा तिचा पॉमेरेनियन जवळ होता. पुढे प्रदर्शनांत हलक्या कुत्र्यांचीच चलती झाली. 1912 मध्ये टायटॅनिकवरून वाचलेल्या तीन कुत्र्यांपैकी दोन पॉमेरेनियन होते. मालकिणींना ते हातात घेऊन जीवरक्षक बोटीत बसता आलं, एवढे ते लहान झाले होते. आज ब्रिटिश केनेल क्लबच्या मानकात नराचं वजन 1.8 ते 2 किलो आणि मादीचं 2 ते 2.5 किलो सांगितलेलं आहे.

इतकं झपाट्याने हे कसं जमलं? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात याचं एक कारण सापडतं. वाढीशी संबंधित आयजीएफ-1 या जनुकाजवळचा, लहान चणीशी जोडलेला बदल 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही आढळला. म्हणजे लहान चणीचं बी कुत्र्यांच्या रक्तात आधीपासून होतं, पैदास करणाऱ्यांनी फक्त ते वेचून पुढे नेलं.

पण आकार घटला तसं सगळंच मापात घटलं नाही. दात बेचाळीसच राहिले आणि जबडा मात्र इवलासा झाला, म्हणून दुधाचे दात न पडता पक्क्या दातांना खेटून राहतात, मध्ये अन्न अडकतं आणि हिरड्या लवकर खराब होतात. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता दोन-तीन पावलं पाय उचलून लंगडणं ही त्याची खूण. श्वासनलिका नाजूक असते, गळ्यावर दाब आला की हंस ओरडावा तसा खोकला येतो. म्हणून छातीवरून बांधायचा हार्नेसच वापरावा. केस मात्र बाल्टिकच्या थंडीतलेच, दुहेरी, म्हणजे आत मऊ दाट लव आणि वर लांब केस. ते मुळापासून भादरले तर कित्येकदा नीट परत येत नाहीत, आणि उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते ती वेगळीच. त्यापेक्षा नियमित विंचरणं, पंखा आणि फिरायला पहाटेची वेळ बरी.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या घरांत 'पॉमेरियन' म्हणून जो पांढरा कुत्रा वर्षानुवर्षं नांदला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. ब्रिटिश काळात स्पिट्झपासून इथेच तयार झालेला, अंगाने मोठा आणि इथल्या हवेला सरावलेला. वरणभात-पोळीवर तो मजेत वाढला, म्हणून अनेकांना वाटतं की पॉमेरेनियनला फार जपावं लागत नाही. दोन किलोच्या कुत्र्याला तो अनुभव लागू पडत नाही.

'टीकप पॉम' म्हणून जे विकलं जातं, ती कोणतीही मान्य जात नाही. लहानातली लहान पिल्लं निवडून किंवा वेळेआधी आईपासून तोडून तो आकार दाखवला जातो, आणि हे मला सरळसरळ क्रूर वाटतं. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. काही तास उपाशी राहिलं तरी ते थरथरतं, गळून पडतं, दगावूही शकतं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं खाऊ घालावं लागतं. भारतात 2017 च्या श्वान-पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पिल्लू घेण्याआधी ती नोंदणी मागावी, आणि पिल्लाची आई समोर दाखवायला सांगावी.