सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि हवेची बारीक फट

हायवेवर ऐंशीच्या वेगाने सुरळीत पळणारी गाडी पुण्यातल्या दांडेकर पुलाच्या सिग्नलला थांबताना मात्र हलका झटका देऊन बंद पडते. पुन्हा स्टार्टर मारला की लगेच चालू होते आणि पुढच्या सिग्नलला परत तेच. पेट्रोल गाड्यांमध्ये हा दोष सर्रास दिसतो आणि बहुतेक वेळा संशय आधी फ्युएल पंपावर जातो. पण पंप कमजोर असता तर गाडी खंबाटकी घाटाच्या चढावर आधी दमली असती, कारण इंधन तिथे जास्त लागतं. फक्त थांबतानाच बंद पडणाऱ्या इंजिनाला बहुतेकदा हवा कमी पडत असते.

किती हवा लागते, याचा हिशोब सोपा आहे. १.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत १.२ लिटर हवा ओढू शकतं. मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या तर ती ३६०० लिटर होते. सिग्नलला उभं असताना फेऱ्या ८०० च्या आसपास असतात आणि इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे मिनिटाला जेमतेम दीडशे लिटर हवा. ही एवढीशी हवा जाते थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या नळकांड्यातली, गोल झडप जवळजवळ मिटलेली असताना तिच्या कडेने. झडपेचा व्यास ४५-५० मिलिमीटर, पण तेव्हा उघडी असलेली फट सगळी मिळून दहा-वीस चौरस मिलिमीटरच भरते.

या फटीतलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. पलीकडचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा दाब अलीकडच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास आला, की फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथेच तिची मर्यादा येते. त्यानंतर इंजिनाने कितीही जोर लावून ओढलं तरी जास्त हवा येत नाही. किती हवा येणार हे फक्त फटीच्या आकारावर ठरतं. आपली गाडी सिग्नलला शांत उभी असते तेव्हा बॉनेटखाली हवा ध्वनीच्या वेगाने आत शिरत असते! म्हणूनच झडपेच्या कडेवर केसाच्या जाडीचा काळा थर साचला, तरी आयडलिंगच्या (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाच्या) हवेतला मोठा वाटा जातो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र त्याच थराने काहीच फरक पडत नाही.

हा थर येतो मुख्यतः इंजिनातल्या ऑइलच्या वाफांतून. त्या वाफा बाहेर न सोडता पुन्हा इनटेकमध्ये जाळायला पाठवतात. पेठांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे हा प्रकार वाढतो. थर साचत असताना इंजिनाचा कॉम्प्युटर महिनोन् महिने गुपचूप सांभाळून घेतो. फट बुजेल तशी तो झडप थोडी जास्त उघडतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो. मग कधीतरी बॅटरी बदलली जाते, अनेक गाड्यांत ती आठवण पुसली जाते, झडप नव्या गाडीसारखी बेताचीच उघडते आणि गाडी बंद पडू लागते. बिचाऱ्या नव्या बॅटरीवर आळ येतो.

पण मग उभी असताना चालू राहणारी गाडी नेमकी थांबतानाच का बंद पडते? कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गिअर असतो आणि अॅक्सिलरेटरवर पाय नसतो. तेव्हा चाकंच इंजिन फिरवत असतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. (इंधन वाचेल म्हणून त्या उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं, शिवाय इंजिनाचा ब्रेकही जातो. तिथले अपघात पुणेकरांना माहीत आहेत.) पुढे वेग उतरला, क्लच दाबला, की चाकांचा आधार संपतो. आता पेट्रोल आणि हवा अचूक मापात पुन्हा सुरू व्हायला हवी, तीही एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटरचा फॅन आणि वळवलेलं पॉवर स्टिअरिंग यांचा भार अंगावर असताना. सगळा कारभार एक-दोन सेकंदांचा. फट बुजलेली असेल तर कॉम्प्युटरने मागितलेली हवा पोचत नाही आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली जातो तो वर येत नाही.

एसी बंद केल्यावर गाडी टिकत असेल, तर एसी बिघडला असं लगेच समजू नका. बहुतेकदा त्याचा भार पेलायला इंजिनाकडे ताकद शिल्लक नसते, एवढंच.

गाडी सीएनजीची असेल तर निदान सोपं होतं. बटण दाबून पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर बंद पडत नसेल तर सीएनजीचा रेग्युलेटर, फिल्टर आणि इंजेक्टर बघायचे. पण त्याआधी स्पार्क प्लग, कारण सीएनजीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेला प्लग आधी तिथेच उघडा पडतो. दोन्हींवर बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीकडे या.

ब्रेक दाबला की काटा पडतो का, हे वेगळं तपासा. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) मॅनिफोल्डच्याच व्हॅक्यूमवर, म्हणजे तिथल्या कमी दाबावर चालतो. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलिंगवर. ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरा. सतत फुसफुस ऐकू आली आणि इंजिन अडखळलं, तर बूस्टरचा पडदा किंवा पाइप फाटलेला असू शकतो. हा ब्रेकचा प्रश्न आहे, त्याच दिवशी गॅरेज गाठा. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहाने जोडणारी) ऑटोमॅटिक गाडी थांबण्याआधी न्यूट्रल केल्यावर बंद पडत नसेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडणारा लॉक-अप क्लच सुटत नसल्याची शंका घ्यावी.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जरूर लावा. ‘पी ०५०६’ हा कोड आयडलिंगच्या फेऱ्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याचं सांगतो. पण कोड नाही म्हणजे दोष नाही, असं नव्हे. बराचसा थर कॉम्प्युटर कोड न देता पचवत असतो.

उपाय आहे थ्रॉटल बॉडी साफ करण्याचा. त्यासाठीचाच स्प्रे आणि मऊ कापड घ्यावं, खरवडू नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नये. साफ केल्यावर आयडलिंगची शिकवणी पुन्हा द्यावी लागते, काही गाड्यांत स्कॅनरने, काहींत नुसतं इंजिन थोडा वेळ चालू ठेवून. ‘रेस थोडी वाढवून देतो’ हे उत्तर मात्र स्वीकारू नका. त्याने दोष झाकला जातो आणि पेट्रोल जळतं.

दुरुस्ती होईपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर बूस्टरमध्ये एक-दोन वेळच्या ब्रेकपुरताच व्हॅक्यूम उरतो आणि स्टिअरिंग जड होऊ शकतं. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून धरा.