धरण उशाला, काजवे झाडाला

मे महिना संपत आला की घोटीहून बारीमार्गे शेंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळपासून गाड्यांची रांग लागते. मुंबईच्या, पुण्याच्या, नाशिकच्या. सगळ्यांना एकाच गोष्टीची घाई असते, अंधार पडायच्या आत पोचायची. अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद ही गावं आहेत आणि त्यांच्या शिवारात पावसाआधीचे दोन-तीन आठवडे काजव्यांचा हंगाम असतो. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकतात. एक फांदी पेटते, मग शेजारची, मग अख्खं झाड एका दमात विझतं आणि पुन्हा पेटतं. माणसं बघून जातात. हे पाणी इथं आलं कुठून आणि त्याच्या काठचं रान टिकलं कसं, हे मात्र त्या अंधारात कुणी विचारत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे तळं निसर्गाचं नाही. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा या दऱ्यातून पूर्वेला वाहत जायची, तिला इथं अडवलेलं आहे. नदीचं दुसरं नाव अमृतवाहिनी. गडाच्या पायथ्याला रतनवाडीत शिलाहारकालीन अमृतेश्वराचं देऊळ आहे. झंझ राजानं नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं परंपरा सांगते. खाली नेवाशात याच नदीकाठी मोहिनीराजाचं देऊळ आहे, समुद्रमंथनातलं अमृत वाटणाऱ्या मोहिनीचं. नेवाशातच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. उगमाला अमृत, खालीही अमृत. मधल्या पट्ट्यात पुढे त्याची साखर झाली, ती कथा थोड्या वेळानं.

दऱ्याच्या वरच्या अंगाला वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, सोबत ठाकर. भात, नागली, वरई ही शेती, आणि हिरडा गोळा करून विकणं हा रोख पैशाचा आधार. घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, वरून शेणमाती. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्या साली डोंगरउतार जांभळे होतात. मराठेशाहीत इथले गड राखणारी ही माणसं होती. १८१८ नंतर गड गेले, त्याबरोबर वतनं आणि मानही गेला, आणि मागाहून सावकार आले. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. अकोले तालुक्यात हे नाव आजही घराघरांत आहे. जलाशयाला विल्सन-आर्थरऐवजी राघोजींचं नाव हवं, ही मागणी अनेक वर्षं होत आली, तिचं मूळ इथं आहे.

विल्सन आणि आर्थर कोण, तर धरणाला नाव दिलं विल्सन डॅम आणि पाण्याला आर्थर लेक. सर लेस्ली विल्सन हे तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, आर्थर हिल हे पाटबंधारे खात्यातले इंग्रज इंजिनिअर. गावात दोन्ही नावं चालत नाहीत. गावात म्हणतात 'धरण', फार तर 'भंडारदरा'.

धरण बांधायचं कारण दऱ्यात नव्हतं, खाली मैदानात होतं. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ दख्खननं सोसले. नगर जिल्हा त्यात होरपळला. सरकारनं १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला, आणि दख्खनच्या नद्या सह्याद्रीत, जिथं पाऊस धो-धो पडतो तिथंच अडवायच्या, या विचारानं जोर धरला. दारणा, भाटघर, भंडारदरा ही सगळी त्याच काळातली कामं. गणित सोपं आहे. घाटघरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून घारीच्या वाटेनं शंभरेक किलोमीटर पूर्वेला गेलात की ५०० मिलिमीटरची मारामार. एकाच जिल्ह्यात.

१९१० साली काम सुरू झालं. दगड आणि चुना, वर सुमारे ८२ मीटर उंचीची भिंत. मध्येच पहिलं महायुद्ध येऊन गेलं, तरी १९२६ च्या डिसेंबरात विल्सनसाहेबांच्या हस्ते उद्घाटन झालं. आज धरणाची साठवण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट, धरतात. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर 'भंडारदरा किती झाला?' एवढंच विचारलं तरी समोरचा टीएमसीतच उत्तर देतो. १९६९ मध्ये भिंतीला तडे दिसले आणि मग मागून आधारभिंती घालून धरण मजबूत करावं लागलं. भिंतीतून सुटणारं पाणी गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, तो अंब्रेला फॉल, पर्यटकांच्या फोटोतला हमखास.

पाणी ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना लागलं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्याचं नशीब पालटलं. ऊस आला. आधी खासगी कारखानदारी आली. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गाळप हंगाम झाला. महाराष्ट्राचं सहकाराचं राजकारण ज्या पाण्यावर वाढलं त्यातलं बरंचसं या दऱ्यातलं आहे, हे मला नेहमी थोडं गमतीचं आणि थोडं बोचरं वाटतं. कारण ज्यांच्या उशाला हे पाणी आहे त्या वाड्यांमधल्या बायका एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन चढ-उतार करतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण इथं म्हण म्हणून वापरत नाहीत, पत्ता सांगावा तशी सांगतात. उतार इतके उभे, जमीन इतकी खडकाळ की पडलेला पाऊस मुरत नाही, धावतो. आणि खाली साठलेलं पाणी हिशेबात आधीच दुसऱ्याचं झालेलं असतं.

पण याच कोंडीतून रान वाचलं, असं माझं मत आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोकणकडा, मध्ये कळसूबाई (१,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर), अलंग-मदन-कुलंग, रतनगड. शेती पसरायला जागा नाही, कारखाना यायचा प्रश्न नाही. रतनवाडीला जायला आजही शेंडीहून होडी मिळते, रस्त्यानं गेलात तर अख्ख्या पाण्याला वळसा. शिवाय हिरडा विकून मिठा-मिरचीचा खर्च भागतो, त्या घरात हिरड्याच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत.

१९८६ साली सरकारनं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर केलं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. वाघ इथं नाही. बिबट्या आहे, तरस, भेकर, उदमांजर, साळिंदर आहेत, पण दिवसा जाऊन ते दिसतील अशी आशा धरू नये. दिसलं तर शेकरू दिसतं, राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट, झुबकेदार शेपूट, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप की फांदी हलते तेव्हा ते पुढच्या झाडावर पोचलेलं असतं. शेकरू जमिनीवर उतरायला नाखूश, म्हणून त्याला फांदीला फांदी भिडलेलं जंगल लागतं. मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ताच तुटला. पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे माणसानं घातल्यासारखी शीळ ऐकू येते, तो शीळकरी कस्तूर. एरवी डोक्यावर तुरेवाला सर्पगरुड घिरट्या घालत असतो.

अभयारण्य झालं म्हणजे गावं उठली नाहीत; माणसं आतच राहिली, फक्त प्रत्येक गोष्टीला परवानगी लागू झाली. कुंपण नाही, पण नियम आहे. दरम्यान घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला, २५० मेगावॉटचा, २००८ च्या सुमारास सुरू झालेला. विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच सोडून वीज करायची. म्हणजे पाणी खालच्यांना आणि वीज सगळ्यांना. खाली निळवंडे धरणही झालं, त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरात झालं.

काजवे या यादीत शेवटी आले. ते होतेच; पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'काजवा महोत्सव' हा शब्द रुळला आणि दरा नकाशावर आला. गावातल्या पोरांना तंबू, चुलीवरची भाकरी, वाटाड्याचं काम यातून दोन पैसे मिळू लागले, आणि ते मिळालेच पाहिजेत. अडचण किड्याच्या बाजूनं आहे. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीत गोगलगाई खात जातं. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडेच दिवस, आणि त्यात एकच काम. नर उडत उडत खूण करतो, गवतात नाही तर खोडावर बसलेली मादी उत्तर देते. त्या संभाषणात गाडीचा हेडलाइट पडला की दोघंही गप्प. झाडाखाली तुडवलेल्या पाचोळ्यात पुढच्या सालचे काजवे असतात, हे तर दिसतच नाही. म्हणून वनखात्यानं शुल्क लावलं, रात्रीच्या प्रवेशाला वेळ घातली, आवाजाला आणि उजेडाला बंदी केली. मी एकदा साम्रदच्या वाटेवर उभा होतो. वळणावर एक गाडी आली, पुढचा अख्खा सादडा विझला. आमच्याबरोबरचा म्हातारबा खाली बसला, बिडी न पेटवता हातात धरून. गाडी गेली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुंध्यापाशी एक ठिपका लागला, आणि त्यानं बिडी खिशात परत ठेवली.

जूनमध्ये पाऊस धरला की काजवे संपतात, गाड्याही थांबतात. राबात भाताची रोपं हाताएवढी झाली की गुडघाभर चिखलात आवणी सुरू होते, डोक्यावर इरलं नाही तर प्लॅस्टिकचा कागद. धरण भरत जातं. भरलं की दारं उघडतात, रंधा धबधबा गर्जायला लागतो, आणि पाणी अकोल्यावरून संगमनेरकडे निघतं.