स्तनवृद्धी, तरुण पुरुषांमधील (गायनेकोमास्टिया)

पुरुषाच्या स्तनाग्राखालची ग्रंथी वाढून छातीला उभार येणे म्हणजे गायनेकोमास्टिया. जिममधली मुले तिला ‘गायनो’ म्हणतात. घरी सहसा तिचे नावच निघत नाही. ती कर्करोग नव्हे, आणि बहुतेक वेळा रोगही नव्हे. पण वयात येणाऱ्या आणि विशीतल्या मुलांच्या मनाला ती जेवढा त्रास देते, तेवढा त्रास याहून गंभीर आजारही क्वचित देत असतील. या नोंदीत तिची शारीरिक कारणे आणि नागपूर परिसरातील तरुणांच्या वाट्याला येणारा तिचा सामाजिक भाग, दोन्हींचा विचार केला आहे.

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतेच. वृषणांत तयार झालेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा थोडा भाग अ‍ॅरोमाटेज या विकरामुळे इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हे काम बरेचसे चरबीत चालते. इस्ट्रोजेन स्तनग्रंथीला वाढवते, टेस्टोस्टेरॉन तिला आवरते. यांतले पहिले वाढले किंवा दुसरे घटले की ग्रंथी वाढीला लागते. दोन्ही जागच्या जागी असूनही एखाद्याची ग्रंथीच अधिक संवेदनशील असू शकते. त्यामुळे ‘माझे हार्मोन बिघडले’ म्हणून तपासायला आलेल्या कितीतरी मुलांचे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि ते पाहून मुलाला हायसे वाटण्याऐवजी आपले कुणी ऐकूनच घेत नाही असे वाटते.

वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये ही वाढ काही काळ दिसते. १३-१४ व्या वर्षी ती सर्वांत ठळक असते. बऱ्याचदा आधी एका बाजूला सुरू होते. जागा हुळहुळी होते, शर्ट घासला तरी दुखते. बहुतेकांत ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. वर्षाहून जास्त काळ राहिली तर ग्रंथीत तंतुमय ऊतक तयार होऊ लागते आणि मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. नेमके हेच वर्ष मुले लपवण्यात घालवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना शर्टाखाली घट्ट बनियन, त्यावर टी-शर्ट आणि खांदे पुढे झुकवून चालणारा मुलगा दिसला, तर त्याचे कारण नेहमीच हाडकुळेपणा किंवा आळस नसतो. अंबाझरीला पोहायला जाणे त्याने आधीच सोडलेले असते. मित्रांचे ‘काऊन बे, शर्ट काऊन नाही काढत?’ हे त्याला गमतीत घेता येत नाही.

छातीचा प्रत्येक उभार ग्रंथीचा नसतो. लठ्ठपणात नुसती चरबी साचूनही छाती तशीच दिसते. डॉक्टर मुलाला पाठीवर निजवतात, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंनी हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी, कडा जाणवणारी चकती बोटांत येते. नुसती चरबी असेल तर बोटे काहीही न अडता एकमेकांना भेटतात. ही तपासणी एक मिनिटाची आहे आणि अनेकदा हजारो रुपयांच्या रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगून जाते. चरबी असल्यास वजन उतरवून फरक पडतो. ग्रंथीवर मात्र बेंचप्रेसचा काही परिणाम होत नाही. उलट खालचा स्नायू वाढून उभार अधिक उठून दिसू शकतो. छाती ‘जाळण्यासाठी’ रोज शंभर-शंभर पुशअप मारणाऱ्या मुलांना हे आधी कुणी सांगितलेले नसते.

थोड्या मुलांत मूळ आजार सापडतो. थायरॉईडचे विकार, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि वृषणातील गाठ ही त्यांतली महत्त्वाची कारणे. क्लाइनफेल्टर लक्षणसमूहात (नेहमीच्या ४६, XY ऐवजी गुणसूत्रे ४७, XXY असतात) वृषणे लहान आणि घट्ट राहतात, उंची जास्त असते, दाढी-मिशा विरळ असतात. १९४२ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि १९५९ मध्ये जादा एक्स गुणसूत्राचा उलगडा झाला. स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनॅझोल, मानसिक आजारांवरचे रिस्पेरिडोन आणि क्वचित केस गळू नयेत म्हणून घेतली जाणारी फिनास्टेराइडची गोळी, या औषधांनीही छाती वाढू शकते. एकाच बाजूची, दगडासारखी घट्ट, स्तनाग्रापासून बाजूला असलेली गाठ, स्तनाग्रातून रक्त येणे किंवा वृषणात गाठ लागणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नये.

आता सर्वांत टाळता येण्याजोग्या कारणाकडे. टेस्टोस्टेरॉनचे कृत्रिम संश्लेषण १९३५ मध्ये झाले आणि त्यासंबंधीच्या संशोधनाला १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांची वृषणे काम करत नाहीत त्यांना त्याने आयुष्य दिले. तेच औषध आता जिमच्या लॉकर रूममध्ये ‘सायकल’ म्हणून, म्हणजे काही आठवडे सलग घ्यायचा डोस म्हणून फिरते. ‘टेस्ट’, ‘डेका’, ‘डायना’ ही अशा स्टेरॉईडांची तिथली रोजची नावे. नागपुरातही गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत. प्रोटीनच्या डब्यापासून सुरुवात होते, मग कुणीतरी ‘भाऊ’ सांगतो की नुसत्या डब्याने काही होत नाही. सुई घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे खरोखरच अंग भरते. पण बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतेच, आणि पुरुषी छाती हवी म्हणून घेतलेल्या इंजेक्शनाने बाईसारखी छाती येते. शिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला वाटते की रक्तात टेस्टोस्टेरॉन मुबलक आहे. ती वृषणांना संदेश पाठवणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात. सायकल संपली की बाहेरचेही नाही आणि आतलेही नाही, अशी अवस्था येते. थकवा, उदासी, कामेच्छा नसणे यात काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. मग ‘गायनो बसवायला’ म्हणून टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या इस्ट्रोजेनला रोखणाऱ्या गोळ्या मित्राच्या सल्ल्याने सुरू होतात. ही सगळी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. नियम आहे, पण त्याचा धाक दिसत नाही.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती भरतीची. खेड्यातून आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतून शेकडो पोट्टे पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव करताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंमी आणि छाती न फुगवता ७९ सेंमी लागते, फुगवल्यावर ५ सेंमी वाढावी लागते. मोजणीच्या रांगेत बनियन काढून उभे राहायचे, हात वर करायचे, शिपाई टेप गुंडाळतो, आकडा ओरडून सांगतो, दुसरा लिहून घेतो. मागे रांग असते. ज्याने तीन वर्षे कुणासमोर शर्ट काढलेला नाही त्याला धावण्यापेक्षा हा अर्धा मिनिट जड जातो. सैन्यभरतीत तर प्रश्न लाजेपुरता राहत नाही: वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवण्याच्या कारणांत गायनेकोमास्टियाही आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र असल्याने या भागात सैन्याचे आकर्षण जुने आहे, आणि धावण्यात पास झालेला मुलगा या कारणावरून परत आला की घरच्यांना काय सांगायचे हे त्याला कळत नाही. काही मुले केवळ यासाठी शस्त्रक्रिया करून घेतात. पुरुषपणाची चिंता म्हणून नव्हे, तर सरकारी नोकरीचा अर्ज म्हणून केलेली ही शस्त्रक्रिया समजून घेतली पाहिजे. तिला सरसकट ‘फॅशन’ म्हणणे अन्यायाचे आहे.

स्वतःच्या शरीराबद्दलची खंत एका मर्यादेपलीकडे गेली की ती स्वतंत्र मानसिक विकार ठरते. दिसण्यातल्या किरकोळ किंवा इतरांना न दिसणाऱ्या व्यंगाने माणूस पछाडला जातो, तासन्‌तास आरशासमोर राहतो किंवा आरसाच टाळतो. यातलाच एक प्रकार म्हणजे अंग पिळदार असूनही आपण किरकोळच आहोत असे वाटत राहणे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्यायामपटूंत तो नोंदवला, आणि २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेत त्याला स्थान मिळाले. अशा माणसाची छाती शस्त्रक्रियेने सपाट केली तरी समाधान होत नाही, काही दिवसांत नजर दुसऱ्या अवयवावर जाते. म्हणून चांगला सर्जन चाकू घेण्याआधी बोलून घेतो. आपल्याकडे याच्या जोडीला ‘धातू जाण्याची’ भीती असते. हस्तमैथुनामुळे छाती सुटली अशी अनेकांची खात्री असते, तिला कोणताही आधार नाही.

आहारावरचे आरोपही तपासून पाहावेत असे आहेत. विदर्भ सोयाबीनचा पट्टा, त्यामुळे सोया वडीबद्दल शंका इथे हमखास निघते. नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्याने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटत नाही किंवा इस्ट्रोजेन वाढत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. रोज काही लिटर सोयादूध पिणाऱ्यांच्या तुरळक नोंदी आहेत, पण ती वेगळी गोष्ट. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात ही समजूतही पक्की आहे. कोंबडी दीड महिन्यात तयार होते ती निवडक पैदास आणि खाद्य यांमुळे. सावजीची तर्री दोषमुक्त आहे, निदान या बाबतीत.

तपासणीत टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळी, शक्यतो उपाशीपोटी घ्यावा लागतो, कारण दिवस चढतो तशी पातळी उतरते. कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात, एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. किशोरवयात बहुधा वाट पाहणे हाच उपचार असतो. नवीन आणि दुखरी वाढ असेल तर टॅमॉक्सिफेन काही महिने देतात, तेही देखरेखीखाली. जुन्या वाढीसाठी शस्त्रक्रिया करतात: स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने अर्धवर्तुळाकार छेद घेऊन ग्रंथी काढतात, बाजूची चरबी नळीने ओढतात, नंतर काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो. सौंदर्योपचार म्हणून विमा कंपन्या तिचा खर्च सहसा नाकारतात. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत त्यासाठी पैसे मोजावे लागतात. परवडत नसेल तर मेडिकल, मेयो ही नागपूरची शासकीय रुग्णालये किंवा मिहानमधील एम्सची ओपीडी आहे. १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात, तिथे मुलाला एकट्याने बोलता येते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे.