संत्र्याच्या एका बीत किती भ्रूण?

नागपूरच्या बाजारात अंबिया बहाराची संत्री आली की ताज्या फळातली एक बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी दोन्ही सालं नखाने सोला. आत एकमेकांना दाबून बसलेले लहानमोठे पोपटी भ्रूण दिसतील, प्रत्येकाला आपापली दोन दलं. म्हणूनच एका बीतून दोन-तीन कोंब येतात. सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं करणाऱ्या डच लेवेनहूकने हे 1719 मध्येच टिपलं होतं.

याला ‘जुळी रोपं’ म्हणतात, ते बरोबर नाही. माणसाची एकसारखी जुळी एकाच फलित अंड्याचे दोन भाग होऊन बनतात. त्यांच्यात आईचा वाटा निम्माच. (जोडकेळं खाल्ल्याने जुळी होतात हा निव्वळ गैरसमज आहे.) संत्र्यात घडतं ते वेगळं. बीजांडात (ज्याची पुढे बी होते) अंडपेशी असलेल्या भ्रूणकोशाभोवती बीजांडकाय नावाची ऊती असते, शंभर टक्के आईचं शरीर. परागणानंतर भ्रूणकोशात फलित अंडपेशीचा एक भ्रूण तयार होतो. त्याच वेळी बीजांडकायातल्या काही पेशी फलनाशिवाय विभागतात, भ्रूणकोशात घुसतात आणि तिथलाच भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठी साठवलेलं अन्न, खातात. खाऊ एक, खाणारे अनेक. त्यात फलनाचा भ्रूण बहुधा मागे पडतो. उरलेले सगळे आईची हुबेहूब नक्कल. सिट-आरडब्ल्यूपी या जनुकाच्या नियंत्रणभागात घुसलेला डीएनएचा छोटा तुकडा या गुणाशी जोडलेला आहे, असं 2017 मध्ये दिसून आलं. पपनसात तो नाही, म्हणून त्याच्या बीत भ्रूण एकच.

सस्तन प्राण्यांत शरीरपेशी अशी आपसूक भ्रूण होत नाही. 1996 मध्ये डॉली मेंढी जन्मली ती कासेच्या पेशीचं केंद्रक रिकाम्या अंडपेशीत घालून, आणि अशा 277 अंड्यांमधून ती एकटीच.

संत्र्याची कलमं जंबेरी या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांच्या रोपावर, होतात, आणि जंबेरीही अशीच बहुभ्रूणी. तिची बी वाळू न देता पेरावी लागते, वाळली की उगवण मरते. वाफ्यात बहुतेक रोपं सारखी येतात. फार खुरटी किंवा वेगळ्या पानांची उपटून टाकावीत, कारण बहुधा तीच फलनाची असतात आणि बाग एकसारखी येऊ देत नाहीत. खोड पेन्सिलीएवढं झालं की 20-25 सेंमी उंचीवर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली बांधला तर पावसाळ्यात मातीतला फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू जोडापर्यंत पोचतो आणि खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागतो.

संकर करणाऱ्याला मात्र उपटायचं तेच रोप हवं असतं. म्हणून तो पराग पॉन्सिरस या संत्र्याच्या नात्यातल्या, तीन पर्णिकांची पानं असलेल्या झाडाचा घेतो. तीन पर्णिकांचा गुण प्रभावी आहे, त्यामुळे वाफ्यात तीन पर्णिका दिसल्या की बापाचं रोप सापडलं.