क्लासिक मोटारीची अस्सलता पडताळणी

दुर्मीळ जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी ती विक्रेता सांगतो तीच गाडी आहे का, हे पाहण्याची पद्धत. चासी आणि इंजिनावरचे क्रमांक, सुट्या भागांवरच्या तारखा, बॉडीच्या बांधणीतले बारकावे आणि कागदपत्रे यांचा एकमेकांशी मेळ घालून हा निर्णय करतात. गाडी चालते कशी, गंज किती, इंजिनाचा दम कसा आहे हा भाग वेगळा. नव्यासारखी चकचकीत गाडी बनावट निघू शकते आणि शेडमध्ये गंजत पडलेली पूर्ण अस्सल असू शकते. म्हणून अस्सलतेची तपासणी यांत्रिक तपासणीच्या आधी उरकावी.

फसवणुकीचे चार प्रकार नेहमी आढळतात. साध्या मॉडेलला महाग आवृत्तीचे भाग लावून तीच आवृत्ती म्हणून विकणे, हा सर्वांत सोपा. नष्ट झालेल्या गाडीची चासी क्रमांकाची प्लेट आणि कागद दुसऱ्या सांगाड्यावर चढवणे, हा दुसरा. तिसरा, बदललेल्या इंजिनावर मूळ क्रमांक नव्याने पंच करणे. चौथा प्रकार शर्यतीच्या गाड्यांत जास्त दिसतो: अपघातानंतर चासी एकाकडे आणि बॉडी किंवा इंजिन दुसऱ्याकडे जाते, पुढे दोघेही आपापली गाडी उभी करतात आणि दोन गाड्या एकाच क्रमांकावर हक्क सांगतात.

क्रमांक काय सांगतो

सतरा अक्षरांचा प्रमाणित चासी क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून लागू झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की या गाडीची किंमत ज्या गोष्टीमुळे वाढली आहे ती गोष्ट क्रमांकात दिसते का? १९७० च्या प्लिमथ बाराकुडात दिसते. क्रमांकातले पाचवे अक्षर ‘आर’ असेल तर ती गाडी कारखान्यातून ‘४२६ हेमी’ या ताकदवान, महाग इंजिनासह बाहेर पडली. दुसरे अक्षर असेल आणि बॉनेटखाली हेमी बसलेले असेल, तर ते नंतर बसवलेले आहे. १९६९ च्या शेव्हरोले कॅमेरोत मात्र क्रमांकावरून गाडी व्ही-८ होती एवढेच कळते. ती झेड-२८ ही महाग आवृत्ती होती का, हे त्यातून कळत नाही, आणि म्हणूनच झेड-२८ च्या नकला उदंड झाल्या. पॉन्टिअॅक जीटीओत दोन्ही अवस्था सापडतात. १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे ल मान्स मॉडेलवरचे एक पॅकेज होते, त्यामुळे क्रमांकात त्याची खूण नाही. १९६६ पासून ती स्वतंत्र मालिका झाली आणि क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला. क्रमांकात खूण नसेल तिथे सगळा भार कारखान्याच्या नोंदींवर येतो.

इंजिनावरचा शिक्का

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, म्हणून इथे घाई करू नये. शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनात उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाचा, एक छोटा सपाट तुकडा बाहेर दिसतो. इंजिनाचा कोड आणि, १९६० च्या दशकाच्या अखेरपासून, चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे त्यावर पंच केलेले असतात. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग मशीनवर तासला जाई, त्यामुळे या सपाटीवर समांतर बारीक रेघा उमटत. शिक्का त्यानंतर मारला जाई. म्हणजे रेघा आधीच्या आणि आकडे नंतरचे. खऱ्या शिक्क्यात रेघ आकड्याच्या काठापर्यंत येऊन तुटते आणि काठाजवळ धातू किंचित उचललेला असतो. आकड्याच्या काठावरून रेघ सलग ओढलेली दिसली, तर ती नंतर सँडपेपरने किंवा फाइलने काढलेली समजावी.

पाहण्याची रीत साधी आहे. सपाटीवरचे तेल आणि रंग सॉल्व्हंटने मऊ फडक्याने पुसावेत. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर कधीही वापरू नये, कारण त्याने पुरावाच नष्ट होतो. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवी धरावी. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावेत आणि त्याच कारखान्यात त्याच आठवड्यांत बनलेल्या, खात्रीच्या गाड्यांच्या शिक्क्यांशी आकड्यांचा आकार, खोली आणि ओळ जुळवावी.

इथे एक अन्याय होतो, तो टाळावा. इंजिन रिबिल्ड करताना हेड बसण्याची जागा सपाट करण्यासाठी ब्लॉक पुन्हा तासतात आणि त्यात शिक्का पुसला जातो. रेघा नाहीत किंवा शिक्काच नाही म्हणजे लबाडी झालीच असे नाही. पुसलेल्या जागी पुन्हा आकडे पंच केले असतील तर मात्र ती लबाडी, मग ब्लॉक खरोखर मूळचा असला तरी. बदललेले इंजिन उघडपणे सांगून विकणारी गाडी ही खोट्या शिक्क्याच्या गाडीपेक्षा नेहमीच बरी.

तारखांचा क्रम

शिक्का खोटा मारता येतो, पण ओतकामातली तारीख बदलणे बरेच अवघड. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ‘सी १४ ९’ अशी उठावदार तारीख असते. ए ते एल ही बारा महिन्यांची अक्षरे, म्हणजे हा ब्लॉक १४ मार्चला, नवाने संपणाऱ्या वर्षी ओतला गेला. दशक कुठले ते शेजारच्या कास्टिंग नंबरवरून, म्हणजे ओतकामाच्या साच्याच्या क्रमांकावरून, ठरते. क्रम ठरलेला आहे: आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची जुळणी. मधले अंतर बहुधा काही आठवड्यांचे असते. सहा महिन्यांच्या पुढे गेले तर कारण शोधावे. ओतकामाची तारीख गाडी बनल्यानंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीचे असूच शकत नाही. मग सपाटीवर काहीही पंच केलेले असो.

काचा, सीटबेल्टची लेबले, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, चाके यांवरही अनेक कंपन्यांच्या तारखा किंवा कोड असतात. त्यांना दुय्यम पुरावा मानावे, कारण योग्य तारखेचे भाग बाजारातून जमवता येतात. पन्नास वर्षे वापरलेल्या गाडीत एखादी काच, एखादा अल्टरनेटर बदललेला असणे स्वाभाविकच आहे.

बॉडी आणि पत्रा

पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारा मापक, हातात हवा. कारखान्याचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन जाड असतो. २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगकाम झालेले आहे आणि ५०० च्या बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे, असे धरून चालतात. लोखंडी पत्र्यावर चुंबकीय गेज चालतो, अॅल्युमिनियमवर एडी करंटचा लागतो, फायबरग्लासवर यांपैकी कुठलाच नाही. साधे चुंबकही बोलके असते, पण मॉडेल माहीत हवे. बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे. तिथे चुंबक चिकटले तर पॅनेल साध्या कूपेचे आहे. मर्सिडीज ३०० एसएल गलविंगमध्ये तोच नियम लावला तर फसगत होते. १४०० पैकी २९ गाड्यांचीच बॉडी पूर्ण अॅल्युमिनियमची होती, पण लोखंडी बॉडीच्या गाड्यांनाही दरवाजे, बॉनेट आणि डिकी अॅल्युमिनियमचीच होती. तिथे चुंबक छतावर आणि मडगार्डवर लावून पाहावे लागते.

चासी क्रमांकाच्या भोवतालचा पत्रा आतून आणि बाहेरून बोट फिरवून पाहावा. कारखान्याचा जोड बहुधा स्पॉट वेल्डिंगचा असतो. क्रमांकाभोवती चौकोनी सलग वेल्ड किंवा घासून सपाट केलेली रेषा जाणवली, तर तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. जनरल मोटर्सच्या चासी क्रमांकाच्या प्लेटवरचे सहा पाकळ्यांचे रिव्हेट हा एके काळी चांगला पुरावा होता. आता त्यांच्या नकला मिळतात. खोडलेला मूळ क्रमांक आम्ल लावून वाचता येतो, कारण पंच मारताना खालचा धातूही दबलेला असतो. हे काम न्यायवैद्यक तज्ज्ञाचेच.

बनावट करणारे उघड्या जागा सांभाळतात आणि लपलेल्या विसरतात. पोर्शे ३५६ मध्ये गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे दरवाजे आणि झाकणांवरही पंच केलेले असत. जुन्या फेरारीत इंजिन आणि गिअरबॉक्सवर चासीपेक्षा वेगळा ‘अंतर्गत क्रमांक’ असतो आणि तो कारखान्याच्या नोंदींशी जुळावा लागतो. क्रायस्लर गटाच्या गाड्यांत जुळणीच्या वेळचा तपशीलवार कागद कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, म्हणून सीट काढून पाहायला परवानगी मागावी.

कागद

जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचे प्रमाणपत्र मिळते. त्यात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ क्रमांक आणि रंग असतात. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट हा उत्पादन-नोंदींवरून काढलेला अहवाल, पोर्शेसाठी कार्डेक्स म्हणजे कारखान्याच्या कार्डांवरच्या नोंदी. पण या दस्तांचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘या क्रमांकाची गाडी कारखान्यातून अशी बाहेर पडली’ एवढेच ते सांगतात. समोर उभी असलेली गाडी तीच आहे, असे सांगत नाहीत. फेरारीच्या ‘क्लासिके’ या जुन्या गाड्यांच्या विभागाचे प्रमाणपत्र वेगळे, कारण तिथे गाडी प्रत्यक्ष तपासतात. एफआयए या जागतिक मोटार-शर्यत संघटनेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट शर्यतीतल्या पात्रतेसाठी असतो, त्याला अस्सलतेचा दाखला समजू नये. नोंदीची झेरॉक्स विक्रेत्याकडून न घेता ती नोंदी सांभाळणाऱ्या संग्रहाकडून थेट मागवावी. मालकालाच नोंद देणाऱ्या संस्थांच्या बाबतीत मालकाला अर्ज करायला सांगावे. हे काम गाडी पाहायला जाण्याआधीच होऊ शकते.

मालकांची साखळी अखंड असेल तर तिचे वजन मोठे असते. लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली स्पीड सिक्सचा खटला चालला. १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल मान्स शर्यत जिंकलेल्या या गाडीत पुढे आठ लिटरचे इंजिन आणि नवी बॉडी आली होती, १९२९ चा भाग फारच थोडा उरला होता. खरेदीदाराने एक कोटी पौंडांचा व्यवहार नाकारला. गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तरी तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही आणि या नावावर दुसऱ्या कुठल्याही गाडीचा हक्क नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च, असा निकाल न्यायमूर्ती ऑटन यांनी दिला. हा निकाल रास्तच होता. याच तर्काने उलट बाजूही ठरते: मूळ भाग भरपूर असले तरी मधली वीस वर्षे गाडी कुठे होती हे सांगता येत नसेल, तर दाव्याला धरायला काही नाही. मॉडेलच्या रजिस्टरमध्ये किंवा क्लबमध्ये तोच चासी क्रमांक दुसऱ्या कुणाकडे आहे का, आणि गाडी चोरीच्या यादीत आहे का, हेही पाहावे. क्रमांकाशी छेडछाड झालेली गाडी अनेक देशांत जप्त होऊ शकते आणि खरेदीदाराचे पैसे अडकतात.

विक्रीच्या करारात चासी आणि इंजिन क्रमांक लिहून ‘हे इंजिन या गाडीत कारखान्यातूनच बसवलेले आहे’ असे स्पष्ट वाक्य घालून घ्यावे. ‘योग्य प्रकारचे इंजिन’ ही शब्दरचना तेवढे वचन देत नाही. लिफ्टवर गाडी घेण्यास, सीट काढण्यास किंवा इंजिनावरची सपाटी पुसून फोटो काढण्यास विक्रेत्याने नकार दिला, तर बयाणा देऊ नये.